अळूवरचा मावा

२०४३ सालच्या नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी सकाळी 'पारखी'ने भुईगावातल्या तीनशे बारा वाड्यांमधल्या सगळ्या केळी आठ दिवसांत उपटून टाकायचा आदेश तयार केला. अशा आदेशावर एका माणसाची सही लागे. वसई पट्ट्यासाठी ती सही हेमांगी ठोसर करत असे.

हेमांगी एक्केचाळीस वर्षांची, वनस्पती आरोग्य केंद्राची विभागप्रमुख. पुढच्या महिन्यात ती राज्यप्रमुख होणार हे केंद्रातल्या शिपायालासुद्धा ठाऊक होतं. अशा सह्या तिने यापूर्वी अकरा वेळा केल्या होत्या. प्रत्येक वेळी ती स्वतःला तेच सांगायची, की आता उपटलं नाही तर जिल्हा जाईल.

ते खोटंही नव्हतं. पर्णगुच्छ हा केळीचा असाध्य रोग. झाडाच्या शेंड्याला पानं अरुंद, ताठ होऊन झाडूसारखी गुच्छाने उभी राहतात आणि त्या झाडाला घड म्हणून लागत नाही. रोगाचा विषाणू एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो तो टाचणीच्या डोक्याएवढा, काळपट तांबूस मावा. रोगी झाडाचा रस एकदा प्याला की तो मावा जन्मभर विषाणू वाहत राहतो. लागण झालेलं झाड मात्र कित्येक आठवडे टवटवीत दिसतं, आणि सुरुवातीला प्रयोगशाळेलाही त्याच्यात काही सापडत नाही. सापडेपर्यंत पंखवाले मावे पुढच्या गावात पोचलेले असतात. म्हणून झाडावर नजर ठेवून भागत नाही, माव्यावर ठेवावी लागते.

ती नजर म्हणजे पारखी. बोटभर उंचीची पेटी, आत पिवळी चिकटपट्टी आणि कॅमेरा. वाडीवाडीत अशा पेट्या टांगलेल्या. पट्टीवर मावा चिकटला की पारखी त्याचे चाळीस फोटो घेई, शृंगिकांपासून शेपटीपर्यंत सगळं मोजी, साठवलेल्या लाखो चित्रांशी ताडून बघे आणि दोन सेकंदांत नाव सांगे. हेच काम पूर्वी एका माणसाला डझनभर माव्यांसाठी अर्धा दिवस पुरायचं. मावा पोटॅशमध्ये उकळून पारदर्शक करायचा, काचेवर मांडायचा, सूक्ष्मदर्शकाखाली एकेक केस मोजायचा. बारा वर्षांपूर्वी पर्णगुच्छाने अर्ध्या राज्यातल्या बागा गिळल्या तेव्हा पारखी आली आणि तिने रोग थोपवला. पारखीला मावा ओळखायला शिकवणाऱ्या चौघांत हेमांगी होती.

नियमाप्रमाणे सही करण्यापूर्वी जागेवर जाऊन यावं लागे. दहा वाजता ती भुईगावात फिलोमिना तुस्कानो यांच्या वाडीत उभी होती.

फिलोमिना साठीच्या. नवरा गेल्यापासून वाडी त्याच बघत. राजेळी केळीच्या रांगा, रांगांच्या सावलीत अळूचे वाफे, कुंपणाला नागवेल. राजेळी आता वसईत भुईगाव सोडून कुठेच उरली नव्हती. त्यांनी नोटीस हातात घेतली, चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली आणि परत दिली.

"केळीवर मावा आहे म्हणता. दाखवा बघू मला."

"मावशी, पेट्यांमध्ये चौदाशे सापडलेत. मर्यादा दोनशेची आहे."

"पेटीत नको. केळीवर दाखवा."

हेमांगी पहिल्या झाडापाशी गेली. केळीचा मावा पोंग्यात दडतो, नव्या पानाच्या गुंडाळीत किंवा बुंध्याशी सुकलेल्या सोपटाखाली. तिने सोपट उचकटलं. काही नाही. दुसरं झाड, तिसरं झाड. पंधराव्या झाडापाशी तिने शिडी मागितली आणि पोंग्यात वाकून पाहिलं. एकही नाही.

"आता इकडे या," असं म्हणून फिलोमिनांनी अळूचं एक पान उलटं केलं. देठापाशी, शिरांच्या कडेने, काळपट तांबूस माव्यांची दाटी होती. त्यांच्यातून मुंग्यांची ये-जा चालली होती.

"हा अळूचा मावा. पाण्याखाली धरला की धुऊन जातो. माझ्या सासूच्या वेळेपासून आहे. केळीवर चढलेला मी बघितला नाही, बाय. तुमची पेटी टांगलीय अळूच्या डोक्यावर. यांना पंख फुटले की जाऊन चिकटतात तिथे. यात केळीचं काय चुकलं?"

"दोन्ही एकच, मावशी. केळीचा मावा अळूवरही राहतो."

"असं कोण म्हणतं?"

"पारखी म्हणते" एवढंच उत्तर हेमांगीपाशी होतं, आणि पारखीला तर तिनेच शिकवलं होतं. तिने अळूवरचे शे-दीडशे मावे, त्यांतले काही पंखवाले, कुपीत भरून घेतले. नोटीस सही न करता पिशवीत टाकली.

केंद्रात सूक्ष्मदर्शक होता. त्याच्यावरचं आवरण काढताना धूळ उडाली. चार वर्षांत कुणी त्याला हात लावला नव्हता. मावे काचपट्ट्यांवर मांडण्यात दुपार गेली. सुरुवातीच्या तीन काचपट्ट्या तिने बिघडवल्या, एकीतल्या माव्याचा तर पायच तुटला. चौथी जमली. मग तिने डोळा लावला आणि पंख पाहून तिला जुनी ओळखीची व्यक्ती भेटल्यासारखं वाटलं.

पेंटालोनिया ही माव्यांची प्रजाती ओळखायची ती पंखावरून. पुढच्या पंखातल्या शिरांना शाईने गिरवल्यासारखी काळी किनार असते. त्यातल्या दोन शिरा वाटेत एकमेकींना भेटतात, काही अंतर एकत्र जातात आणि पुन्हा वेगळ्या होतात, त्यामुळे पंखात एक बंद खिडकी तयार होते. बहुतेक माव्यांच्या पंखात अशी खिडकी नसते. म्हणजे प्रजाती बरोबर होती. पण त्या प्रजातीत एकाहून जास्त जाती आहेत आणि त्यांच्यातला फरक पंखात नसून आकारमानात असतो. सोंडेचा शेवटचा तुकडा किती लांब, मागच्या पायाची नळी किती लांब. एका माव्यावरून काही सांगता येत नाही. पुष्कळ मोजावे लागतात.

रात्री उशिरापर्यंत बसून तिने चाळीस मोजले. चाळिसांचीही सोंड आखूड निघाली. पारखीच्या साठ्यात 'केळीचा मावा' या नावाखाली सोंडेची लांबी आखूडपासून लांबपर्यंत पसरलेली होती, त्यामुळे आखूड सोंडेचा मावाही पारखीला बिनदिक्कत केळीचाच वाटे. हा पसारा का पडला म्हणून तिने साठ्यातल्या मूळ काचपट्ट्यांची यादी उघडली. आखूड सोंडेचे सगळे नमुने एकाच पेटीतले होते. चौसष्ट काचपट्ट्या. संग्राहक डॉ. उर्मिला बिवलकर. नोंद करणार हेमांगी ठोसर.

तिला ती पेटी लख्ख आठवली. प्रत्येक काचपट्टीच्या चिठ्ठीवर बिवलकर बाईंच्या, तिला मावा ओळखायला शिकवणाऱ्या तिच्या गुरूंच्या, बारीक अक्षरात प्रजातीचं नाव होतं, पुढे जातीचं नाव आणि त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह. पारखीच्या नोंदफॉर्मवर प्रश्नचिन्ह चालत नव्हतं. जातीचं नाव निवडल्याशिवाय पुढचं पान उघडत नसे. बाई तेव्हा मांडीचं हाड मोडून रुग्णालयात होत्या, मुदत संपत आली होती, बागा मरत होत्या. हेमांगीने चौसष्ट वेळा केळीच्या माव्याचं नाव निवडलं होतं.

बरं होऊन आल्यावर बाईंना ते कळलं. "तू माझं लिहिलेलं खोडलंस," एवढंच त्या म्हणाल्या. त्यानंतर दोघी बोलल्या नव्हत्या.

बुधवारी पहाटेची बस पकडून हेमांगी साताऱ्याला गेली. गोडोलीत दुसऱ्या मजल्यावर बाईंचं घर. दार त्यांनीच उघडलं. चौऱ्याहत्तरीच्या, काठी टेकत चालणाऱ्या, पण डोळे तसेच धारदार.

"कोण मेलं?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही, बाई. माझ्याकडून चूक झालीये."

"ती तर बारा वर्षांपूर्वीच झाली. आत ये, चहा टाकते."

हेमांगीने सगळं सांगितलं.  चाळीस मोजमापांचा कागद त्यांनी भिंगाखाली धरून ओळ न् ओळ वाचला.

"तेहतिसावा आकडा चुकलाय. एवढी लांब नळी या अंगाच्या माव्याला असूच शकत नाही. तो पाय तिरका बसलाय."

"हो. मला शंका होती."

"मग लिहायची होतीस ना! शंका लिहायची लाज का वाटते तुला?" बाईंचा आवाज चढला. मग कागद खाली ठेवून म्हणाल्या, "त्या चौसष्टांतले निम्मे अळूवरचे होते, निम्मे आल्याच्या पिकावरचे. मला दिसत होतं की हे केळीवरच्यांसारखे नाहीत. पण खात्रीने सांगण्याइतके मोजून झाले नव्हते. जगात बऱ्याच लोकांनी या दोघांना एकच धरलं होतं, मग वेगळं केलं. आपल्याकडचे नेमके कोणते हे कुणीच तपासलं नव्हतं. मी ते करणार होते आणि पडले."

"तुमच्या वह्या आहेत?"

"आहेत. पण वह्यांनी झाडं वाचणार नाहीत. तुझा साहेब म्हणेल, सोंड आखूड असेल, पण मावा केळीवर बसतो की नाही ते सांग. ते माव्यालाच विचारायला हवं. मलमलीचे पिंजरे कर. अळूवरचे मावे कुंचल्याने उचलून केळीच्या पोंग्यावर सोड. काही पिंजऱ्यांत केळीवर, काहींत अळूवर. मादीला नर लागत नाही, जागा पसंत पडली तर चोवीस तासांत पिल्लं घालायला लागते. पसंत नसेल तर भटकून मरते. चार दिवसांत कळेल. आज वार कोणता?"

"बुधवार."

"मग उठ. आणि मला उठायला हात दे."

"तुम्ही येताय?"

"तुझ्या एकटीच्या मोजण्यावर सोडू म्हणतेस? तेहतिसाव्यावरच आडवी झालीस."

गुरुवारी सकाळी भुईगावात वीस पिंजरे बांधले गेले. मलमल फिलोमिनांनी दिली, जुन्या ओढण्या कापून. त्यांनी बाईंसाठी झाडाखाली खुर्ची मांडली आणि दोघींचं जमलं. बाई मावे मोजत, फिलोमिना आकडे वहीत लिहीत, आणि मधूनच एखाद्या पानाकडे बोट दाखवून सांगत, कोणता मावा वाऱ्याने पडला, कोणता मुंगीने हलवला.

त्याच दुपारी केंद्राचे संचालक कोरगावकर यांनी हेमांगीला बोलावलं. माणूस वाईट नव्हता. पर्णगुच्छाने त्यांच्या स्वतःच्या वडिलांची बाग गेली होती.

"सही का झाली नाही?"

तिने कारण सांगितलं. 

"हेमांगी, भुईगावच्या पेट्या बिघडल्या होत्या असं लिहू. आदेश आपोआप रद्द होईल. पारखीचा साठा तू गुपचूप दुरुस्त करून टाक. झालं."

"आणि आधीच्या अकरा सह्या?"

"त्या उकरून काय मिळणार? तू चुकीच्या नावांवर पारखी शिकवलीस असं बाहेर आलं, तर उद्या खरोखरच्या रोगी बागेत कुणी झाड उपटू देणार नाही. तुझं राज्यप्रमुखपद तर गेलंच."

ते म्हणत होते त्यात तथ्य होतं. हेच हेमांगीला जड जात होतं. ती संध्याकाळी वाडीत परतली तेव्हा बाई खुर्चीतच होत्या. तिने त्यांना संचालकांचं म्हणणं सांगितलं आणि विचारलं, "तुम्ही काय केलं असतं?"

"मला विचारू नकोस. मी भांडकुदळ म्हातारी आहे, मला गमवायला काही नाही." बाईंनी भिंग पुसलं. "तू त्या अकरा ठिकाणचे नमुने पाहिलेस?"

"नाही."

"मग आधी पाहा. माहिती नसताना धीट व्हायचं तरी कशाला आणि घाबरायचं तरी कशाला?"

शुक्रवार आणि शनिवार हेमांगी केंद्रातल्या साठ्यात बसली. अकराही गावांच्या चिकटपट्ट्या जपून ठेवलेल्या होत्या. नऊ गावांतले मावे लांब सोंडेचे निघाले, केळीचेच. त्या नऊ सह्यांनी खरोखर जिल्हा वाचवला होता. उरलेल्या दोन गावांतले आखूड होते. एका गावात केळीशेजारी आल्याची शेतं होती. दुसरं केळव्याजवळचं एक लहान गाव, तिथे परसापरसात अळू. दोन्ही गावांतल्या निरोगी केळी तिच्या सहीने उपटल्या गेल्या होत्या. केळव्याजवळचा एक म्हातारा, जनार्दन किणी, पोलिसांनी हात धरून बाजूला नेला तेव्हा झाडाचं सोपट मुठीत घेऊन गेला होता. तो प्रसंग तिने पाहिला होता.

रविवारी तिने अहवाल लिहिला. पेट्या बिघडल्याचं लिहिलं नाही. चौसष्ट काचपट्ट्यांची हकिगत लिहिली, आपलं नाव लिहिलं, दोन गावांची नावं लिहिली. नऊ बरोबर निर्णयांची मोजमापंही जोडली, कारण पारखीवरचा विश्वास तुटू नये असं तिलाही वाटत होतं. त्यासाठी तिच्यापाशी खरे आकडे होते आणि तेवढ्यावरच भागवायचं तिने ठरवलं.

सोमवारी पिंजरे उघडले. कोरगावकर स्वतः आले होते, सोबत कृषी विद्यापीठातले दोन तज्ज्ञ. अळूवरच्या दहा पिंजऱ्यांत सोडलेल्या दोनशे माव्यांचे सातशेच्या वर झाले होते. केळीवरच्या दहा पिंजऱ्यांत दोनशेतले अकरा जिवंत होते, तेही पानावर नव्हते, मलमलीला उलटे चिकटून बाहेर पडायची वाट शोधत होते. पिल्लू एकही नाही.

"चारच दिवस झालेत," एक तज्ज्ञ म्हणाला.

"मग आणखी दहा दिवस पिंजरे ठेवा," बाई म्हणाल्या. "पेट्या अळूवरून काढून केळीच्या पोंग्यात लावा. तिथे केळीचा मावा सापडला तर पहिली कुऱ्हाड मी घालते."

त्याने हसून मान डोलावली. कोरगावकरांनी अहवाल उभ्याउभ्याच वाचला, दोनदा वाचला. मग झाडाच्या बुंध्यावर कागद ठेवून आदेशाच्या तहकुबीवर सही केली.

"हे वरच्यांना कसं समजवायचं ते मला माहीत नाही," ते हेमांगीला म्हणाले. "पण तू पेटी बिघडल्याचं लिहिलं असतंस, तर आज मी इथे आलोच नसतो."

दहा दिवसांनी भुईगावचा आदेश कायमचा रद्द झाला. पोंग्यातल्या पेट्या रिकाम्या होत्या.

हेमांगीला राज्यप्रमुखपद मिळालं नाही. चौकशी झाली, ठपका आला, विभागप्रमुखपदही गेलं. बातम्यांत तिचं नाव आठवडाभर गाजलं. तिच्या आईने फोन करून विचारलं, "गप्प राहिली असतीस तर चाललं नसतं का गं?" "नसतं चाललं, आई," ती म्हणाली. नंतर बराच वेळ दोघी इकडचं तिकडचं बोलत राहिल्या, आणि फोन ठेवताना आई म्हणाली, "जेवत जा वेळेवर."

केळव्याला ती स्वतः गेली. जनार्दन किणींनी तिला ओट्यावर चढू दिलं नाही. ती अंगणात उन्हात उभी राहून सगळं बोलली. त्यांनी ऐकून घेतलं आणि दार लावलं. दुसऱ्या महिन्यात ती पुन्हा गेली, या वेळी सोबत फिलोमिनाही होत्या आणि टेम्पोत राजेळीचे साठ मुनवे, बुंध्याशी फुटलेले, तपासून घेतलेले कोंब. किणींनी दार उघडलं, हेमांगीकडे पाहिलंच नाही, टेम्पोभोवती एक फेरी मारली आणि फिलोमिनांना विचारलं, "किती अंतरावर लावतात हे?" साठ खड्डे खणायला तीन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी किणींनी हेमांगीच्या हातात कुदळ दिली.

कोरगावकरांना वाटलेली भीती खरी ठरली नाही. पुढच्या हिवाळ्यात यावलला खरा केळीचा मावा सापडला, तेव्हा केंद्राने सोंडेची मोजमापं गावकऱ्यांच्या हातात ठेवली. दोन पोरींनी शाळेच्या सूक्ष्मदर्शकावर ती पुन्हा मोजून पाहिली आणि गावाने स्वतःच त्या बागेतली झाडं उपटली. रोग तिथेच थांबला. पारखीला आता नाव सांगता आलं नाही तर ती तसं सांगे, आणि तो मावा माणसाकडे येई.

तो येई पुण्यातल्या जुन्या संग्रहालयाच्या तळमजल्यावर, जिथे हेमांगीची बदली झाली होती. चार खोल्या, नव्वद हजार काचपट्ट्या, प्रत्येकीवरचं नाव पुन्हा तपासायचं. काम वीस वर्षं पुरेल असं होतं. बाई मंगळवारी आणि शुक्रवारी साताऱ्याहून येत, डबा घेऊन.

एका शुक्रवारी दोघी कोयनेच्या जंगलातून आलेला रानहळदीवरचा एक मावा, दोघांना एकदम पाहता येईल अशा सूक्ष्मदर्शकाशी समोरासमोर बसून, मोजत होत्या. पंखात काळ्या शिरा होत्या, बंद खिडकीही होती. सोंड आखूड नव्हती आणि लांबही नव्हती.

"शेपटीवर केस किती?" बाईंनी विचारलं.

"चार."

"मला पाच दिसतात."

"पाचवा केस नाही बाई, धूळ आहे."

"धुळीला मूळ असतं का? नीट बघ."

हेमांगीने सूक्ष्मदर्शकाचा स्क्रू अर्धा फेरा फिरवला, श्वास रोखला आणि पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात केली.